पांढऱ्या रंगाखालचं मेपल

क्लिओटिस आमच्या चर्चचा ड्रमवाला आणि मी ऑर्गनवाली. आमचं एकमेकांशी पटत नाही, हे शिकागोच्या दक्षिण भागात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी त्या शनिवारी सकाळी मी त्याच्या बाजूने उभी राहिले. कारण पास्टर ड्यूप्रींनी इलेक्ट्रिक ड्रमचं खोकं आणून वेदीपाशी ठेवलं होतं आणि जुना पांढरा ड्रमसेट न्यायला दुपारी भंगारवाला येणार होता.

"त्या रबरी ताटल्या मी बडवणार नाही," क्लिओटिस म्हणाला. "हा गेला की मीही गेलो. उद्यापासून मागच्या बाकावर बसेन."

"भाऊ, स्वस्त प्लायवूड आहे हो ते," पास्टर म्हणाले. तरुण माणूस, स्वभावाने चांगला, पण घाई फार. "भिंतीचा रंग फासलेला. त्यात जीव काय अडकवायचा?"

"आत मेपलचं लाकूड आहे. अस्सल."

"मग दाखवा. खरं निघालं तर ते खोकं मी स्वतः परत नेऊन देतो."

रंग फासला होता मदर ओझेलांनी. चर्चमधल्या वडीलधाऱ्या बायकांच्या त्या मुख्य. वय एक्क्याण्णव, जिभेचं वय एकोणीस. पूर्वी होसेया नावाचा एक ड्रमवाला क्लबातलं वाजवणं सोडून देवाकडे वळला आणि त्याने आपला सेट चर्चला दिला. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे सगळे पांढऱ्या कपड्यांत येतात. मदर ओझेलांनी ठरवलं की ड्रमनेही पांढऱ्यातच यायचं.

"शुक्रवारी ज्याच्यावर दारू सांडली, त्याच्यावर रविवारी देवाचं नाव घ्यायचं?" त्या पहिल्या बाकावरून म्हणाल्या. "तळघराच्या भिंतीचा रंग उरला होता. दिला दोन हात."

"दोन नाही, चार दिलेत," क्लिओटिस पुटपुटला. गेली पन्नास वर्षं तो त्या रंगाच्या नावाने बोटं मोडत होता, आणि तीही माझ्याच कानाशी.

त्याने मोठा ड्रम आडवा केला आणि पुढचं कातडं काढलं. मी टॉर्च धरला. आत रंग नव्हता. दोन्ही काठांना आतून लाकडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या आणि काठावर लाकडाचे पातळ थर एकावर एक बसलेले. क्लिओटिसने काठावरून अंगठा फिरवला. पण थर काय, स्वस्त प्लायवूडलाही असतात. मग कातडं ताणून धरणाऱ्या पोलादी कानांपैकी एकाचे स्क्रू त्याने आतून सैल केले. कान निघाला. त्याच्याखाली बोटभर जागा कोरी राहिली होती, चकचकीत वार्निश केलेलं फिकट लाकूड.

"मदर! तुम्ही कान न काढताच रंग दिलात!"

"ते निघतात हे मला कुठे माहीत? आम्ही तिघी बायका, एक बादली आणि ब्रश."

"बोटभर ठीक आहे हो," पास्टर म्हणाले, "पण बाकीच्याची रंगाने वाट लागली असेल."

तीच भीती क्लिओटिसलाही होती, मला दिसत होती ती. त्याने गरम पाण्याचा फडका रंगावर दाबून धरला आणि चर्चच्या स्वयंपाकघरातला पीठ खरवडायचा प्लास्टिकचा तुकडा त्या कोऱ्या जागेच्या कडेने रंगाखाली सरकवला. उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तसा रंग सुटून आला. वार्निशला तो कधी धरलाच नव्हता. खाली मेपलच्या रेषा हलकेच लाटा घेत पलीकडे गेल्या होत्या. इतकं देखणं लाकूड मी पाहिलं नव्हतं, आणि मला भरून आलं.

क्लिओटिस मात्र दगडासारखा बसला.

"काय झालं रे?"

"वर्नेटा, असले ड्रम मी क्लबांत पाहिलेत. ऊन आणि सिगारेटचा धूर खाऊन चहाच्या रंगाचे झालेत सगळे. हा बघ. कारखान्यातून निघाला तसाच आहे." मग तो उठला, मदर ओझेलांपुढे गेला आणि वाकला. शब्द बाहेर काढताना त्याला किती जड गेलं! "मदर, हा तुम्हीच वाचवलात."

"मग?" मदर म्हणाल्या. "उगाच रंगवला होता का मी?"

इतकं हसलो आम्ही की स्वयंपाकघरातल्या बायका पिठाच्या हातांनीच धावत आल्या. पास्टरांनी कोट काढला, खोकं उचलून गाडीत टाकलं आणि परत येऊन फडका हातात घेतला. भंगारवाला आला, त्याला तळलेली कोंबडी आणि मक्याचा पाव देऊन रिकामाच पाठवला. संध्याकाळपर्यंत फक्त मोठा ड्रम साफ झाला. बाकीचे अजून पांढरे.

दुसऱ्या दिवशी पहिलाच रविवार. सगळं चर्च पांढरंशुभ्र आणि मधोमध ते उघडं लाकूड. क्लिओटिसने काठ्या उचलल्या, तेवढ्यात मदर ओझेलांनी बोटाने त्याला जवळ बोलावलं. माझा ऑर्गन पहिल्या बाकाला लागूनच, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"होसेया क्लबात वाजवायचा तसं येतं का रे तुला?"

"येतं. पण मदर, तुम्ही ते कुठे ऐकलंत?"

"क्लबाच्या मागच्या खिडकीबाहेर उभी राहून," त्या म्हणाल्या. "दर शुक्रवारी. चल, वाजव आता."