म्हाळसाबाईचं आमसूल

मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत कुणाच्या अंगावर पित्त उठलं, की बोलावणं म्हाळसाबाईला. आमसुलाचं पाणी अंगाला चोळायचं, वर घोंगडी गुंडाळायची. तासाभरात अंगावरच्या गांधी बसल्याच म्हणून समजा. मेंढरं विकून शहरात आल्याला वीस वर्षं झाली, तरी घोंगडी आणि हा मान तिनं सोडला नव्हता.

त्यामुळं भरदुपारी नवऱ्याच्या, त्रिंबकच्या, अंगावर लालभडक गांधी उठल्या तेव्हा ती घाबरली नाही. दाढ ठणकत होती म्हणून तिनंच आपल्या जुन्या दुखण्यातली उरलेली गोळी त्याला दिली होती. त्या गोळीचा याच्याशी संबंध असेल हे तिच्या डोक्यातही आलं नाही. तिनं चोळलं, गुंडाळलं. ओठ सुजले, तिनं आणखी चोळलं. शेजारची केसरबाई ‘दवाखान्यात न्या’ म्हणाली, तर तिलाच झापलं. हट्टी ती हट्टीच!

सून शालू नर्स. लसीकरण आटोपून ती घरात शिरली तेव्हा सासऱ्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

“आत्याबाई, हे पित्त नाय. गळा आतून सुजतोय!” तिनं घोंगडी ओढून काढली, एकशेआठला फोन लावून पत्ता सांगितला आणि पिशवीतली काचेची कुपी फोडली. एखाद्या लेकराला लस सोसली नाही तर द्यायचं औषध ते. “मामांना भिंतीला टेकवा, पाय लांब करा. उठू देऊ नका. मांडीत सुई द्यायचीय.”

मांडीत! दहा वर्षांत शालूनं सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. त्रिंबकनं दोन्ही मुठींत धोतर गच्च धरलं. बोलता येईना, नुसती मान हलवत राहिला. जीव चाललाय, आणि म्हाताऱ्याला लाज!

“आत्याबाई, वेळ नाय!”

म्हाळसाबाईनं पाहिलं. नवऱ्याचे ओठ निळे पडत होते. तिनं एकेक बोट उचकटून मुठी सोडवल्या, धोतर वर सारलं.

“गप बसा! माझ्या नवऱ्याला मी उघडं करतेय, तुमाला काय ईचारायचं?”

सुई गेली. शालू घड्याळाकडं बघत होती, म्हाळसाबाई छातीकडं. एक मिनिट. दोन. शिट्टी तशीच. चौथ्या मिनिटाला छाती भरून वर आली आणि त्रिंबक खोकला. म्हाळसाबाईला रडू फुटलं.

एकशेआठच्या गाडीनं घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, “त्रास कधी सुरू झाला? काय खाल्लं होतं? कुठली गोळी घेतली होती का?”

शालू अडखळली. सासूच्या मागंच, सोबत आलेली केसरबाई उभी होती.

“मला ईचारा, सायेब.” म्हाळसाबाईनं पदराच्या गाठीतून गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. “गोळी मीच दिली. अन् पाऊण तास आमसूल चोळत बसले. ही आली नसती तर मीच मारलं असतं त्यांला.”

मग ती केसरबाईकडं वळली.

“आयकलं का? गल्लीत सांग समद्यांला. आता पित्त उठलं तर माझ्या दारात येऊ नका. आधी शालूला फोन करा.”