मिस्त्रींची नवी गाडी

पंपाची मोटर असो की शिवणयंत्र, मिस्त्रींनी कधी दुरुस्तीला दुसऱ्याच्या दारात नेलं नाही. चाळीस वर्षं वर्कशॉप चालवलं, जुनी गाडी तर इंजिनासकट तीनदा उघडून बसवली. ती मुलाने विकली आणि विजेवरची घेऊन दिली. "बाबा, आता हात काळे करायची गरजच नाही."

त्या सकाळी ताईचं हृदयाचं ऑपरेशन होतं, साडेदहाला, दोन तासांवरच्या शहरात. आई गेल्यावर मिस्त्रींना वाढवलं ते या थोरल्या बहिणीने. आदल्या संध्याकाळी ती फोनवर म्हणाली होती, "आत नेण्याआधी तोंड दाखवून जा रे."

सात वाजता दोघं नवराबायको गाडीत बसले. पडद्यावर अक्षरं आली : यंत्रणेत बिघाड, सेवा केंद्राशी संपर्क साधा. चार्जिंग तर काठोकाठ होतं!

"अहो, टॅक्सी बोलवू या का?" बायको म्हणाली.

"थांब गं, दहा मिनिटांचं काम."

त्यांनी बॉनेट उघडलं. आत नुसतं काळं झाकण, पाना लावायला कुठे जागाच नाही. कोपऱ्यातली छोटी बॅटरी तेवढी ओळखीची वाटली. मीटर लावून पाहिला, ठणठणीत. तरी तिची वायर काढून पुन्हा जोडली. आता पडदाही काळा झाला आणि चाकं जी अडकली ती ढकलूनही हलेनात.

शेवटी हात टेकले आणि सेवा केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"सर, साडेसातला तुम्ही वायर काढलीत का? इथे नोंद दिसतेय."

मिस्त्रींनी चोरी पकडल्यासारखा हातातला पाना खिशात घातला.

"कृपया आता कशालाही हात लावू नका. आमचा माणूस दुपारपर्यंत येईल."

पावणेनऊ वाजले होते. टॅक्सी मिळेना, म्हणून बस धरली. ती गावागावात थांबत गेली. मिस्त्री सारखे घड्याळ बघत होते. बायकोने हात पुसायला रुमाल पुढे केला, त्याचंच त्यांना जास्त लागलं.

दवाखान्यात पोचले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. ताईचे यजमान दाराशीच उभे होते.

"साडेदहालाच नेलं हो. स्ट्रेचरवरूनही विचारत होती, आला का म्हणून."

मिस्त्री भिंतीला टेकून बाकावर बसले. बारा वाजले, एक वाजला. डॉक्टर बाहेर येईनात, परिचारिका काही सांगेनात. मग खिशात फोन वाजला. तीच मुलगी.

"सर, आनंदाची बातमी! माणूस पाठवायची गरज पडली नाही. आम्ही इथूनच दुरुस्ती केली. गाडी सुरू होईल आता."

"काय बिघडलं होतं?"

"ते आम्हाला इथे दिसत नाही, सर."

"पुन्हा झालं तर मी काय करायचं?"

"काहीच नाही, सर. फक्त वाट बघायची."

मिस्त्रींनी फोन ठेवला. समोरच्या बंद दारावरचा लाल दिवा अजून जळत होता. बायकोने पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली, पण झाकण उघडायचं त्यांना सुचलं नाही.