सहीचा सदरा

एलेआसारकडे इस्त्रीचा म्हणावा असा एकच सदरा होता आणि तो वर्षातून एकदाच अंगावर चढायचा. नाताळ, बायकोचा वाढदिवस, पोरीचा चर्चमधला पहिला प्रसाद, सगळं टायरच्या दुकानातल्या काळपट बनियनवर भागायचं. पण अमेरिकेच्या कराच्या कागदावर सही करायच्या दिवशी गडी पहाटे उठून दाढी करायचा, टेबलावरचं मेणकापड पुसायचा आणि पांढरा सदरा घालून खुर्चीत ताठ बसायचा.

"राज्यपाल आले वाटतं," नोएमी हसायची.

"हस, म्हातारे, हस. त्या देशात माझं नाव एवढ्या एकाच कागदावर उरलंय, तेही तुझ्या नावाशेजारी. बनियनवर करू सही?"

म्हातारी छत्तिशीची होती. पण नवऱ्याने बायकोला म्हातारी आणि बायकोने नवऱ्याला म्हाताऱ्या म्हणायचं, ही तिकडची लाडाची रीत.

एलेआसारने अमेरिकेतल्या एल पासोत बारा वर्षं लोकांच्या घरांच्या भिंती उभ्या केल्या, बिनकागदांनी. नोएमी तिथेच जन्मलेली, म्हणजे कागद तिच्या पाळण्यातच होते. लग्न झालं, लेक आब्रिल झाली. मग एका वकिलाने सांगितलं, नदीपलीकडे मेक्सिकोत हुआरेसला जा, मुलाखत दे, दोन आठवड्यांत पक्के कागद घेऊन परत ये. हा दोन आठवड्यांचे कपडे पिशवीत भरून गेला. तिथल्या अमेरिकन कचेरीच्या खिडकीतल्या बाईने त्याच्या चोरून सरहद्द ओलांडल्याच्या जुन्या खेपा पाहिल्या आणि म्हणाली, दहा वर्षं यायचं नाही. वकील त्यानंतर फोनवर सापडला नाही. ते कपडे विरून फरशी पुसायला गेले तरी माणूस तिथेच. सहावं वर्ष चालू होतं. नोएमीच्या मागच्या अंगणातून नदीपलीकडची टेकडी दिसायची, त्या टेकडीच्या पायथ्याशी त्याची खोली. दर रविवारी ती पूल चालत ओलांडून जायची आणि संध्याकाळी परत यायची. तो पुलाच्या मध्यावरच्या खुणेपर्यंत पोचवायला यायचा. पुढे त्याला मनाई.

दुसऱ्या वकिलिणीने एवढं मात्र नीट सांगितलं होतं. दहा वर्षं भरली की अर्ज करता येईल. तेव्हा विचारतील, लग्न जिवंत आहे का? तर दोघांच्या नावाने भरलेला दरवर्षीचा कर दाखवायचा. फोटो कोणीही काढतं, कर कोणी हौसेने एकत्र भरत नाही.

एक गोष्ट नोएमीने नवऱ्यापासून लपवली होती. थोडक्या पगारात पोर वाढवणाऱ्या आईला सरकार वर्षाकाठी कराच्या परताव्यातून बरी मदत देतं. पण दोघांच्या नावाने कर भरला आणि नवऱ्याचा तिकडचा सरकारी नंबर पक्का नसला, तर ती बुडते. एकटीने भरला, तर मिळते. आब्रिलची धर्ममाता सोकोर्रो हिचं करभरणीचं छोटं दुकान होतं. ती दरवर्षी डोकं आपटायची. धर्ममाता आणि आई एकमेकींना कोमाद्रे म्हणतात, आणि कोमाद्रेला काहीही बोलायची मुभा असते.

"कोमाद्रे, एका सहीसाठी पोरीच्या तोंडचं काढतेस. तुझ्या नवऱ्याची सही काय सोन्याने मढवलीय का?"

"तू छाप गं मुकाट्याने."

पण यंदा फेब्रुवारीत गाडी बंद पडली, इंजिनच गेलं. नोएमीचं काम म्हणजे थकल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना न्हाऊ-माखू घालायचं, गोळ्या द्यायच्या. तीन घरं, शहराच्या तीन टोकांना. दोन बसा बदलून जाता जाता एक घर हातचं गेलंच. कंपनीची बाई म्हणाली, आणखी उशीर झाला तर उरलेली दोन्ही दुसरीला देईन. नोएमी रोज ठरवायची आणि रोज पुढे ढकलायची. एरवी मार्चमध्ये उरकणारी सही एप्रिलवर आली.

सोकोर्रोने यंदा टोमणा मारला नाही, हेच नोएमीला जास्त लागलं.

"हे बघ, यात खोटं काही नाही," ती म्हणाली. "कायद्यातच आहे. नवरा परदेशात, तो इथला नाही, घर तू चालवतेस. तर करापुरती तू बिनलग्नाची मानली जातेस. मानली जातेस, कोमाद्रे. लग्न मोडत नाही कोणी."

"आणि चार वर्षांनी त्या खिडकीत बसलेल्या माणसाला कोण समजावणार? तू येणार आहेस?"

सोकोर्रोने दोघांच्या नावाचे कागद छापले आणि नोएमीच्या हातात दिले.

रविवारी वावटळ सुटली होती, पुलावर तोंडात वाळू येत होती. नोएमी भरल्या मिरच्यांचा डबा आणि कागद घेऊन पोचली. एलेआसार बनियनवरच बसला होता. दाढी वाढलेली.

"अरे म्हाताऱ्या, आज सहीचा दिवस ना?"

"गाडी कधीपासून बंद आहे?"

नोएमीच्या लक्षात आलं, आब्रिल फोनवर बोलून गेली.

"होईल दुरुस्त."

"कशाने होईल? आमच्या दुकानात कामाला असलेल्या चेमाने सांगितलं मला. त्याची बायको तिकडे आहे, एकटीच्या नावाने भरते. तिला काय मिळतं तेही सांगितलं. आणि मी इथे पाच वर्षं सदरा घालून बसतोय, मोठा नवरदेव! प्रत्येक सहीला तुमच्या ताटातलं काढत होतो, आणि तू समोर बसून हसत होतीस!"

"तुला सांगितलं असतं तर तू सही केली असतीस?"

"नसती केली. आणि आताही करणार नाही."

"एलेआसार, हट्ट करू नकोस. एक वर्ष गळलं तर ते विचारतील."

"विचारू देत. चार वर्षांनी कोणी काय विचारेल म्हणून आज तू वाळूत बसची वाट बघत उभी राहणार? जा. लिही की मी नाही."

तिने विनवलं, मग शिव्या दिल्या, मग रडली. तो भिंतीकडे तोंड करून बसला. भरल्या मिरच्या दोघांनीही खाल्ल्या नाहीत. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच ती खुणेपर्यंत एकटी चालत आली, आणि कागद पिशवीत तसेच राहिले.

सोमवारी तिने फोन केला, त्याने उचलला नाही. मंगळवारी फोन बंदच होता. रुसला की तो असाच करायचा. भूक लागलेल्या पोरासारखा एका जागी फुगून बसायचा आणि तीन-चार दिवसांनी आपणच यायचा. पण बुधवारी पंधरा तारीख होती, शेवटची. शिवाय मेकॅनिकने परताव्याच्या भरवशावर इंजिन उतरवून ठेवलं होतं.

बुधवारी काम संपवून ती सोकोर्रोच्या दुकानात शिरली तेव्हा बाहेरच्या बाकावर माणसं वाट बघत होती. सोकोर्रोने तिला आत घेतलं, संगणकाच्या पडद्याकडे तोंड केलं आणि परक्या आवाजात विचारलं. ते प्रश्न तिला सगळ्यांनाच विचारावे लागत.

"गेल्या वर्षाच्या शेवटच्या सहा महिन्यांत नवरा तुझ्या घरी राहिला?"

"नाही."

"एक रात्रसुद्धा?"

नोएमीने पडद्यावरच्या रकान्यांकडे पाहिलं. मागच्या अंगणातून त्याच्या खोलीच्या टेकडीवरचे दिवे दिसतात, हे कुठल्या रकान्यात लिहायचं होतं? सहा वर्षांत तिने पलंगाची त्याची बाजू मोकळी ठेवली होती. तिला त्या पडद्याचा, सोकोर्रोचा, फोनवर न सापडलेल्या त्या पहिल्या वकिलाचा आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या नवऱ्याचा संताप आला.

"एक रात्रसुद्धा नाही," ती म्हणाली.

सोकोर्रोने कळीवर बोट आपटलं, आणि झालं. कर भरायला तेवढाच वेळ लागतो.

"पुढे वाटलंच तर बदलता येतं," सोकोर्रो हळूच म्हणाली. "पण घेतलेलं सगळं परत करावं लागतं."

"कशातून करू, कोमाद्रे? इंजिनातून?"

पुढच्या रविवारी आब्रिलला सोकोर्रोकडे ठेवून ती एकटीच निघाली. वाटभर मनात जुळवत होती, तुझंच ऐकलं म्हणून सांगायचं. तूच म्हणालास, लिही मी नाही. लिहिलं. आता बोलू नकोस.

दार उघडंच होतं. मेणकापड पुसलेलं होतं. एलेआसार पांढरा सदरा घालून खुर्चीत ताठ बसला होता. घाईने दाढी केल्यामुळे हनुवटीला कापलं होतं, तिथे कागदाचा तुकडा चिकटलेला. पुढ्यात पेन होतं.

"आण," तो म्हणाला. "कागद आण."

ती दारातच थांबली.

"मी गाढव आहे, म्हातारे. आठवडाभर झोप नाही. वाटलं, एकदा माझ्यावाचून भरलंस की पुढच्या वर्षी सोपं जाईल. मग त्याच्या पुढच्या वर्षी आणखी सोपं. मग तुला माझ्यावाचून सगळंच जमेल. भीती वाटली मला, खरं सांगतो." त्याने पेनाचं टोपण काढलं. "गाडीचं मी बघतो. दुसऱ्या दुकानात संध्याकाळचं काम धरलंय. आणि घाई कसली? तारीख तीस आहे. आमच्या मालकानेसुद्धा अजून भरलेला नाही."

तीस तारीख मेक्सिकोची. नदीच्या या बाजूची. सहा वर्षं या बाजूला राहून त्याच्या डोक्यात आता इथलंच कॅलेंडर बसलं होतं, आणि सही नेहमी मार्चमध्येच व्हायची म्हणून पलीकडची तारीख त्याला कधी ठाऊक करून घ्यायची वेळच आली नव्हती.

नोएमीने सांगायला तोंड उघडलं. हनुवटीवरचा तो कागदाचा तुकडा रक्ताने हळूहळू लाल होत होता. तिने पिशवीत हात घातला आणि तळाशी आठवडाभर पडून चुरगळलेले कागद काढले. मेणकापडावर तळहाताने सारखे केले.

"इथे ना?"

"इथे."

त्याने नेहमीसारखी सावकाश सही केली, बापाचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं लिहून. शाईवर फुंकर मारली. मग कागद दोन्ही हातांनी तिला दिला आणि विचारलं, "आज मिरच्या नाही आणल्यास?"

संध्याकाळी तो तिला मध्यावरच्या खुणेपर्यंत पोचवायला आला, सदऱ्यातच. खुशीत होता. पुलावर ओळखीचा चिंचेच्या गोळ्या विकणारा भेटला, त्याला म्हणाला, "सही केली रे आज, यंदाची!" नोएमी पुढे चालत राहिली. रांगेत उभी राहिल्यावर एकदा मागे वळून पाहिलं, तर वाळूतही पांढरा सदरा लांबून दिसत होता.

खिडकीतल्या जवानाने तिचं ओळखपत्र यंत्रावर धरलं.

"पलीकडून काही आणलंय?"

नोएमीने पिशवी पोटाशी धरली.

"काही नाही," ती म्हणाली.