दिवा लागलेली तार

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि स्वभावाने संशयी आहे. २००७ साली निफाडच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये मी आलो. माझ्यात लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली होती, म्हणून लोकही माझ्याकडे संशयानेच बघत. "हे फुकटातलं काय चालणार?" असं म्हणत. फक्त ऑफिस सांभाळणारी सविता मला रोज मऊ फडक्याने पुसायची. तिच्यावर माझा जीव होता.

इंटरनेटवर जायला मला दोन वाटा होत्या. एक मोडेमची तार आणि दुसरं कोल्ड स्टोरेजवरून येणारं, वेगळ्या कनेक्शनचं वायरलेस. तार जोडल्याचा दिवा लागलेला असेल तर तारेनेच जायचं, तार काढली की आपोआप वायरलेस धरायचं, अशी मला शिकवण होती. हवेतल्या वाटेवर माझा भरवसा नव्हता. मालक गोरक्षभाऊंचाही नव्हता. "हवेतून भाव गेले तर कुणीबी वाचंल," असं म्हणून ते तार कधी काढू देत नसत.

ऐन हंगामात एका सकाळी परदेशी खरेदीदाराला द्राक्षांच्या तपासणीचा अहवाल पाठवायचा होता. तो पोहोचल्याशिवाय कंटेनर हलणार नव्हता. दिवा लागलेला, तार घट्ट, तरी मेल काही जाईना. गोरक्षभाऊ डोक्यात राख घालून आले.

"सविता, खरं सांग. दुसऱ्या व्यापाऱ्याला सामील झालीस का? मुद्दाम बंद पाडलं ना?"

"भाऊ, मी काहीच नाय केलं. आईशप्पथ!"

"मग काय भूत हाय का हितं?"

मला फार वाईट वाटलं, पण मला तोंड कुठे? सविताने डोळे पुसले आणि सरळ माझी तार उपटली. भाऊ ओरडले, तोवर मी वायरलेस धरलंही होतं. अहवाल गेला.

मग तिने मोडेमच्या मागे वाकून पाहिलं. मोडेमला इंटरनेट पुरवणारी टेलिफोनची वायर मोकळी लोंबत होती. "भाऊ, ही कोणी काढली?"

आदल्या संध्याकाळी विजा कडाडल्या, तेव्हा आपल्याकडे सगळेच काढतात तशी भाऊंनीच ती काढली होती आणि परत लावायला विसरले होते. मोडेमपासून माझ्यापर्यंतची तार शाबूत होती, म्हणून दिवा लागलेलाच राहिला.

"ऱ्हाऊ दे आता, झालं ना काम," भाऊ म्हणाले. सविताने ऑफिसच्या चाव्या टेबलावर ठेवल्या आणि ती घरी गेली.

आता मी माळ्यावर धूळ खात पडलोय. मित्रांनो, यंत्रं जपाच, पण काही बिघडलं तर आधी तारा तपासा, माणसावर लगेच आळ घेऊ नका. तार बाजारात नवी मिळते. पुढे भाऊ हात जोडून सविताच्या घरी गेले होते. तिने त्यांना चहा दिला, पण कामावर ती परत आली नाही.