दोन उन्हं कमी

वैदेहीचा फोटो पेपरात आला, त्या दिवशी शुभदाने त्याच पानावर बांगडे साफ केले.

मुद्दाम केले का? विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "छे बाई, जुना पेपर वाटला." पण पेपर त्याच सकाळचा होता, आणि चहा घेता घेता तिने तो फोटो तीनदा पाहिला होता. पांढरा कोट घातलेली वैदेही, हातात काचेची बशी, आणि वर मथळा, 'रत्नागिरीच्या संशोधिकेला जपानचे निमंत्रण'. धाकटी जाऊ जपानला जाणार आणि थोरली जाऊ बांगड्यांची डोकी उडवणार!

सानिकाने ते पाहिलं. सानिका म्हणजे शुभदाची एकुलती एक मुलगी, महिन्यावर लग्न आलेली. "आई! काकीचा फोटो आहे गं हा!" म्हणत तिने पान ओढलं, नळाखाली धरलं, दोरीवर वाळत घातलं. वैदेही कॉलेजातून आली आणि तो वास मारणारा कागद पाहून खळखळून हसली. "बरं झालं. माझ्या फोटोला माशाचाच वास यायला हवा."

ती चिडली असती तर शुभदाला बरं वाटलं असतं. ती हसली, म्हणून शुभदाचा अधिकच जळफळाट झाला.

नागवेकरांचं हे घर रत्नागिरीत, नाचणे गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला, जांभ्या चिऱ्याचं, मागे पडवी असलेलं. थोरला गुरुप्रसाद शाळेत मास्तर, शुभदा त्याची बायको. धाकटा संदेश आठ वर्षांपूर्वी पोटाच्या कॅन्सरने गेला. त्याची बायको वैदेही तेव्हा एकतीस वर्षांची होती. ती माहेरी न जाता इथेच राहिली, अर्धवट राहिलेली डॉक्टरेट पुरी केली आणि कॉलेजात जीवरसायन शिकवू लागली. तिचं काम ऐकून शेजारच्या बायका नाक मुरडत. मिरकरवाड्याच्या बंदरावरून ती मुशी आणि माकूल अशी चिवट मासळी आणायची, खाटकाकडून बोकडाच्या मांडीचा तुकडा आणायची, आणि प्रयोगशाळेत गव्हाच्या कोंड्यावर चक्क बुरशी वाढवायची. स्नायू म्हणजे प्रथिनांच्या बारीक दोऱ्यांची मोळी. बुरशी जी विकरं सोडते, म्हणजे एन्झाइम, ती या दोऱ्या नेमक्या कुठे तोडतात हे तिला शोधायचं होतं. चिवट मांस इतकं मऊ करायचं की दात पडलेल्या म्हाताऱ्याला आणि आतडं थकलेल्या आजाऱ्याला ते पचावं.

शुभदाला हे सगळं समजत होतं, हीच तर खरी गोम होती. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत तीही रसायनात वर्गात पहिली होती. मग हे स्थळ आलं. वडील म्हणाले, "पुढचं सासरी शिक," आणि सासरी तो विषय कुणी काढलाच नाही. एक विचार तिच्या मनात आठ वर्षं घर करून बसला होता, कुणापुढे बोलता येणार नाही असा. नवरा गेला म्हणून ही मोकळी झाली, माझा आहे म्हणून मी अडकले. विचार आला की ती घाबरून मंगळसूत्र डोळ्यांना लावायची आणि देवापुढे दिवा लावायची. विचार काही जायचा नाही.

त्यातच एकदा जेवताना सानिका म्हणाली, "मला पहिली हळद काकीच लावणार."

"लावू दे की," गुरुप्रसाद भात कालवत म्हणाला.

शुभदाने ताट बाजूला सारलं. मुलीला वाढवलं कुणी? तापात उशाशी बसलं कोण? आणि पहिली हळद कुणाची? विधवेने हळद लावू नये असं शुभदा मानत होती का? मुळीच नाही. पण जे आपण मानत नाही, ते वेळेला वापरायला काय जातं! तिने राजापूरला सीताआतेंना फोन केला. सीताआते म्हणजे गुरुप्रसादची आत्या, सव्विसाव्या वर्षी विधवा झालेल्या, आता सहासष्ट वर्षांच्या, सगळ्या रूढी कडक पाळणाऱ्या. "आते, लग्नाला लवकर या हो. घरात कुणी मोठं नको का?"

रुखवताच्या आंबापोळ्या वैदेहीने उन्हात वाळत घातल्या होत्या. परीक्षेच्या कामाला कोल्हापूरला जाताना ती सांगून गेली, "वहिनी, अजून दोन उन्हं हवीत. मधे ओल आहे. मी येईपर्यंत भरू नका हं."

त्याच दुपारी शुभदाने पोळ्या काढल्या. बोटाने दाबून पाहिल्या. मधे ओल होती, तिला बरोब्बर कळलं. तरीही तिने त्या स्टीलच्या डब्यात एकावर एक रचल्या आणि झाकण घट्ट बसवलं. हात थरथरला नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

पंधरा दिवसांनी सीताआतेंसमोर डबा उघडला, तर पोळ्यांवर हिरवीकरडी लव.

"अगो बाय! ह्यां काय झालां?" आते मागे सरकल्या. "कुणी घातलेल्या ह्या?"

"वैदेहीनं," शुभदा हळूच म्हणाली. एवढंच. बाकीचं आतेंनी पुरं केलं.

"मग होणार नाय तर काय! दिवसभर बुरशीत हात घालणारी बाय, वर असलां कपाळ. तिचा हात रुखवताला लावलासच कशाला गो?"

वैदेही नुकतीच कोल्हापूरहून परतली होती, ती दारातच उभी होती. ती आत आली, एक पोळी उजेडात धरली. "कडा कोरड्या आहेत. मधे ओल. ही ओली असताना भरलीय." आणि तिने शुभदाकडे पाहिलं. शुभदाने डब्याचं झाकण पुसायला घेतलं.

"आता आमाला शिकव!" आते कडाडल्या. "हळदीच्या दिवशी तू ह्या घरात दिसायची नाय. आमी नाय बसलो मागल्या पडवीत? चाळीस वर्षां बसलो, लसूण सोलीत. कुणाच्या लग्नात पुढं आलो नाय. तुला काय वेगळां सोनां लागलांय?"

शाळेत पोरांना समतेवर निबंध लिहायला लावणारा गुरुप्रसाद खोकला, आणि चष्मा शोधायला आतल्या खोलीत गेला.

हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात पाट मांडला. अजिंक्यच्या, म्हणजे नवऱ्या मुलाच्या घरून उष्टी हळद घेऊन बायका आल्या. सवाष्णी वाट्या घेऊन उभ्या राहिल्या. सानिका पाटावर बसली आणि तिने विचारलं, "काकी कुठंय?"

"तिचा प्रयोग आहे," शुभदा म्हणाली.

"आई, कॉलेजला मे महिन्याची सुट्टी आहे." सानिका पाटावरून उठली. "काकी आल्याशिवाय मला हळद नको. आज नको, उद्याही नको. हळदीवाचून लग्न होत नसेल तर अजिंक्यला मी सांगते."

मांडवात कुजबुज सुरू झाली. गुरुप्रसाद पुन्हा चष्मा शोधू लागला. शुभदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पैठणी सावरत ती रस्त्यावर आली आणि रिक्षात बसली.

सुट्टीत ओस पडलेल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत वैदेही एकटी सूक्ष्मदर्शकावर वाकलेली होती. तिने मान वर केली. पैठणीतली जाऊ पाहून तिला नवल वाटलं असेल, पण ती म्हणाली, "आलाच आहात तर बघा."

शुभदाने डोळा लावला. आडव्या पट्ट्यांच्या दोऱ्या, आणि जागोजाग त्या सुटत चाललेल्या. "विकर घालून किती वेळ झाला?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"वीस मिनिटं."

"थंड केलं तर थांबेल ना?"

"मंदावेल," वैदेही म्हणाली आणि तिच्याकडे बघत राहिली. "वहिनी, तुम्ही शिकायला हवं होतं."

त्या एका वाक्याने शुभदाचा बांध फुटला. ती स्टुलावर बसली आणि रडता रडता बोलत सुटली. "पोळ्या मी भरल्या. ओल्या आहेत हे कळत असून भरल्या. मला बघवत नाही गं तुझं! तुझा कोट बघवत नाही, तुझी पुस्तकं बघवत नाहीत. माझी मुलगी तुझीच झालीय. संदेशभावजी गेले तेव्हा मी रडले, पण पुढे पुढे मला वाटायला लागलं, सुटली ही."

"सुटले?" वैदेहीचा आवाज चढला. आठ वर्षांत तो कधी चढला नव्हता. "शेवटचे दोन महिने संदेश मासा मागत होता. मुशीचा एक तुकडा. मी भरवायची आणि तो उलटी करून टाकायचा. मासा मागत मागत गेला तो. त्याच्यासाठी हे करतेय मी, जपानसाठी नाही! आणि घरी आले की मी कोण? हळदीकुंकवाला बायका आल्या की मी आपण होऊन आत जाते. कुणी सांगायचीही गरज नाही. तुमच्या कपाळावरच्या टिकलीचा मला हेवा वाटत नसेल असं वाटतं तुम्हांला?"

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"चल घरी," शुभदा म्हणाली. "पाया पडते तुझ्या."

"पाया पडू नका. सानिका अडून बसलीय म्हणून मी येणार नाही. पोळ्या कुणी भरल्या हे सगळ्यांसमोर सांगणार असाल तर येते. पुढच्या दाराने."

शुभदा स्टुलावरून उठली. मांडवात व्याह्यांकडच्या बायका होत्या. आयुष्यभर 'शुभदावहिनींसारखी सून मिळायला भाग्य लागतं' असं ऐकलेली बाई ती. तिने नाक पुसलं. "सांगते," ती म्हणाली.

आणि सांगितलं. मांडवात मधोमध उभी राहून. "पोळ्यांना वैदेहीच्या हातामुळे बुरशी आली नाही. दोन उन्हं कमी असताना मी त्या भरल्या, ती वाईट ठरावी म्हणून. मला तिचा हेवा वाटतो. विधवेचा हात वाईट असतो, असं मी कधीच मानलं नाही. ते मला सोयीचं होतं, एवढंच."

कुणाच्या हातातली वाटी हलली नाही. सानिका आईकडे बघत होती, आणि त्या नजरेत माया नव्हती. ती परत मिळवायला शुभदाला वर्षं लागतील. लागू देत. मग सानिका पाटावर बसली, आणि वैदेहीने पुढे होऊन तिच्या गालाला हळद लावली.

सीताआते मागच्या पडवीत होत्या. सगळं ऐकू आलं होतं. वैदेही वाटी घेऊन त्यांच्यासमोर गेली तेव्हा मांडीवर सुपात लसूण होता आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. राग होता तो, असूयाच होती. चाळीस वर्षं हे आपल्याला कुणी का दिलं नाही, हा हिशेब कुणाकडे मागायचा?

"आते, चला. तुमची पाळी."

"मी?" आतेंनी बोटं पदरात लपवली. "लसणीचे हात माजे. थांब. धुवून येतां."

त्यांनी साबण लावून तीनदा हात धुतले. मग भिंतीला धरत, बिचकत त्या मांडवात आल्या, आणि वाटीत बोटं बुडवून तशाच उभ्या राहिल्या.

"सानिका," त्यांनी अगदी हळू विचारलं, "पैलां कुठं लावायची गो? पायाला, की गालाला?"

चाळीस वर्षांत त्यांनी हळद लावताना कुणाला जवळून पाहिलंच नव्हतं.

वाचकहो, तुमच्या घरी पुढचा मांडव पडेल तेव्हा एवढंच करा. मागच्या पडवीत लसूण सोलत कोण बसलंय, ते एकदा जाऊन बघा. आणि तिला तिथे कुणी बसवलं, हे विचारायची वेळ आली, तर चष्मा शोधायला आत जाऊ नका.