डासबाईंचा ट्रक

"आजी, नातू किती वर्षांचा आहे?"

दुकानदाराने ट्रक उलटा केला, एक चाक बोटाने फिरवलं आणि मान वर न करताच विचारलं.

"त्याचा इथे काय संबंध?" डासबाई म्हणाल्या. "चाक फिरतंय, पण ट्रक पुढे जात नाही. आतून नुसता कर्र कर्र आवाज येतो. परवाच नेलाय तुमच्याकडून."

"त्याचं काय असतं, लहान मुलं आपटतात. पाण्यात घालतात. त्याला आम्ही तरी काय करणार?"

"लहान मुलाने नाही घातला पाण्यात. मी घातला."

आता त्याने मान वर केली. "तुम्ही?"

"मीच. झाडांना पाणी घातलं होतं, त्या चिखलातून नेला. आणि तुमच्या खोक्यावर काय छापलंय ते बघा. ट्रक नदी ओलांडतोय! मी तर लिंबाच्या आळ्यातून नेला फक्त."

दुकानदाराने खोक्यावरच्या नदीकडे पाहिलं, डासबाईंकडे पाहिलं आणि समजूतदारपणे हसला. "चित्र ते चित्रच हो आजी. हे खेळणं आहे. नातवाला सांगा, घरातल्या फरशीवर चालवायचं."

डासबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला नातू नाही," त्या म्हणाल्या. आवाज ठरवल्यापेक्षा मोठा निघाला. बाहुल्या बघत असलेलं एक जोडपं वळून पाहू लागलं. डासबाईंनी ट्रक पिशवीत कोंबला आणि त्या तडक बाहेर पडल्या.

डासबाई हे नाव त्यांना इस्पितळाने दिलं होतं. उभी नोकरी त्यांनी तिथल्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढण्यात घालवली. समोर कोणीही येऊन बसो, हात पुढे करताना त्याचा चेहरा पांढरा पडो, त्यांचं वाक्य ठरलेलं असे, "डास चावल्यासारखं वाटेल, बस." बोलणं संपेपर्यंत सुई आत जाऊन बाहेरही आलेली असायची. आधी पेशंट डासबाई म्हणू लागले, मग नर्स, मग डॉक्टर, आणि शेवटी पगाराच्या खिडकीवरचा माणूससुद्धा. त्यांनाही त्यात वावगं वाटलं नाही. नवरा लवकर गेला, मुलीला एकटीने वाढवलं, तिचं शिक्षण, नोकरी, लग्न सगळं मार्गी लावलं आणि गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या.

त्यानंतर सुरू झाला सल्ल्यांचा मारा. एकीने विणकाम सुचवलं, दुसरीने सकाळचं फिरणं, जावयाने शब्दकोड्यांचं जाडजूड पुस्तक आणून दिलं. रिकामा वेळ हा जणू त्यांना जडलेला आजार होता आणि जो तो त्यावर औषध सांगत होता. डासबाई सगळ्यांना "बघू" म्हणत आणि काहीच बघत नसत.

अशातच एका रविवारी कुंपणाखालून एक ट्रक त्यांच्या परसात घुसला. हातभर लांब, चाकं अंगापेक्षा मोठी. मागोमाग कुंपणावरून शेजारच्या सुताराचं डोकं वर आलं.

"बाई, तेवढा परत पाठवता का? माझा अंदाज चुकला."

"पाठवू कसा?"

सुताराने कुंपणावरून रिमोटच त्यांच्या हातात दिला. बंदुकीच्या घोड्यासारखा एक खटका होता. हलकेच दाबला की ट्रक गोगलगायीसारखा सरकायचा, जोरात दाबला की उधळायचा. डासबाईंनी तो परत पाठवला नाही. आळ्यांमधून फिरवला, विटांच्या रांगेवरून नेला, गवतात घातला, मागे घेतला, पुन्हा घातला. सुतार बिचारा कुंपणाला टेकून उभा राहिला. शेवटी बॅटरी संपून ट्रक थांबला, तेव्हा त्या इतक्या चिडल्या की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतःसाठी ट्रक आणला. तोच हा, पिशवीत कोंबलेला.

"मला आधी विचारायचं नाही का?" सुतार संध्याकाळी म्हणाला. त्याने स्क्रू काढून ट्रकचं पोट उघडलं. आत प्लास्टिकच्या दातेरी चकत्या होत्या आणि एकीचे निम्मे दात गळून पडले होते. "हे बघा. चकती मोडली की खेळ खल्लास. नवीन मिळत नाही. घेताना वेग विचारायचा नाही बाई, वेग सगळेच सांगतात. एवढंच विचारायचं, की आतलं काही मोडलं तर तेवढंच बदलून मिळेल का? 'हो' म्हणाला तर पुढे बोलायचं, नाहीतर नमस्कार करून निघायचं. मी माझा घेतला ते दुकान सांगतो, तिथे जा."

हे डासबाईंना पटलं. पण त्या दुसऱ्या दुकानात जायच्या आतच शनिवारी मुलगी आली आणि सगळं बिनसलं.

टेबलावर ट्रक तसाच उघडा पडला होता. मुलीने पर्स खांद्यावरून काढली आणि ती मध्येच थांबली.

"आई, हे काय?"

"ट्रक. बिघडलाय."

"कोणासाठी आणलास?"

"कोणासाठी म्हणजे? माझ्यासाठी."

दोन वर्षांपूर्वी, पाचव्या महिन्यात, मुलीचं बाळ पोटातच गेलं होतं. तेव्हापासून त्या घरात आणि या घरात त्याविषयी कोणी चकार शब्द काढलेला नव्हता.

"आई, तुला विचारायचंय ना? मग सरळ विचार," ती म्हणाली. "असं खेळणी आणून ठेवायची काही गरज नाही."

"अगं, पण मी..."

"मागच्या महिन्यात सासूबाईंनी माळ्यावरचा पाळणा रंगवून घेतला. विचारलं तर म्हणे, सहजच. आता तू ट्रक. तोही सहजच असेल."

"सहज नाही, मला हवा होता म्हणून आणला! मला खेळायला!"

"तुला," मुलगी म्हणाली. "एकोणसाठाव्या वर्षी." तिने पर्स पुन्हा खांद्यावर घेतली. चहासुद्धा न घेता ती गेली.

रात्री जावयाचा फोन आला. माणूस सज्जन, पण बोलणं नको इतकं गोड. "आई, तिला थोडा वेळ द्या. तुमची इच्छा आम्हाला कळते."

"अहो, कसली इच्छा? ट्रक माझा आहे!"

"हो हो. कळतंय मला."

तो सूर डासबाईंच्या चांगला ओळखीचा होता. हजारो घाबरलेल्या लोकांना त्यांनी स्वतः त्याच सुरात सांगितलं होतं, डास चावल्यासारखं वाटेल. त्यांनी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला.

पुढचे दोन आठवडे मुलीचे फोन येत होते, पण कसे? जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवते. डासबाईंनी आपलं मन तपासून पाहिलं. खरंच आपल्या पोटात काही दडलंय का? मुलीला दिवस गेले होते तेव्हा त्यांनी साधं टोपडंसुद्धा आणलं नव्हतं. इस्पितळात जन्म काढलेल्या बाईला तशी घाई करवत नाही. मग बाळ गेल्यावर, आता इतक्या दिवसांनी, ट्रक कशाला आणतील? त्यांना नातवंड हवं होतं, ते खरंच. पण ट्रकही हवा होता, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी सुतराम संबंध नव्हता. एवढी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात शिरत नव्हती.

ट्रकचा नाद सोडणं सगळ्यात सोपं होतं. मोडका ट्रक कचऱ्यात टाकायचा, मुलीला सांगायचं, टाकला बाई. ती दुसऱ्या दिवशी आली असती. पण मग तो नातवासाठीच होता हे कायमचं ठरून गेलं असतं. डासबाईंनी चपला घातल्या आणि सुताराने सांगितलेल्या दुकानाचा रस्ता धरला.

या दुकानात बाहुल्या नव्हत्या. भिंतभर छोटे छोटे खण होते आणि काउंटरमागे चष्मा कपाळावर चढवलेला एक टकला माणूस तारेला सोल्डरचा टाका मारत बसला होता.

"कोणासाठी हवाय?" त्याने विचारलंच.

"एकोणसाठ वर्षांचं मूल आहे. भयंकर हट्टी."

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "चालवणार कुठे?"

पंधरा दिवसांत कोणीतरी पहिल्यांदा शहाण्यासारखा प्रश्न विचारला होता. "परसात," डासबाई म्हणाल्या. "माती आहे, गवत आहे, आणि चिखल असणारच."

त्याने आधी एक लालभडक, नाकाड्या ट्रक काढला. "हा वाऱ्यासारखा पळतो."

"माझं परस दहा पावलांचं आहे. वाऱ्यासारखा पळून जाईल कुठे? कुंपणावर आपटेल. यातली चकती मोडली तर तेवढीच मिळेल?"

"ह्याची अख्खी पेटीच बदलावी लागते."

"मग नको."

दुसऱ्याला एकच मोटर होती आणि ती पाण्याला भीत होती. तोही नको. तिसरा काढताना दुकानदार जरा कचरला. शेवाळी रंगाचा, बोजड, तोंड पाडून बसल्यासारखा. चकत्या धातूच्या, मोटर आणि विजेचा भाग बंदिस्त, आणि सुट्या भागांचे तीन खण भरलेले. "वेगाला बेताचा आहे," तो म्हणाला. "रंगही हाच. म्हणून कोणी घेत नाही. पण पाच वर्षांत एकही परत आला नाही."

डासबाईंनी रिमोट हातात घेऊन खटका दाबून पाहिला. ट्रक काउंटरवर बोटभर सरकला आणि थांबला. त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा बोटभर.

"हाच," त्या म्हणाल्या. "आणि एक जादा बॅटरी द्या. मध्येच संपली की माझं डोकं फिरतं."

रविवारी दुपार कलताना मुलगी आली. मागच्या खेपेला छत्री राहिली होती, ती न्यायचं निमित्त होतं. पुढचं दार लोटलेलंच होतं. तिने हाक मारली, कोणी ओ दिली नाही. स्वयंपाकघरात गॅसवर चहा आटून तळाला लागत होता. तिने गॅस बंद केला आणि मागच्या दारात येऊन उभी राहिली.

परसाच्या कोपऱ्यात पाइपलाइनसाठी खणलेल्या मातीचा ढीग होता, गुडघ्याहून थोडा उंच. आई त्याच्यासमोर पाय फाकून उभी होती. गाऊनचा घोळ कमरेला खोचलेला, पायांत एक लाल चप्पल आणि एक निळी.

"चढ ना रे मेल्या! आता कुठे अडलंय तुझं?" ती ट्रकला म्हणत होती. "मागे ये. ये मागे. हं. आता जरा कड धर... अरे कड म्हटलं, खड्डा नाही!"

ट्रक अर्ध्यावर जाऊन घसरला. आईने तो मागे घेतला. पुन्हा चढवला. पुन्हा घसरला. मुलगी दारात उभी आहे हे तिच्या गावीही नव्हतं. आईचं असं सगळ्या जगाकडे पाठ करून उभं राहणं मुलीने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या शाळेच्या अभ्यासाला बसतानाही आईचा एक कान कुकरकडे आणि एक दाराकडे असायचा. आता आई ट्रकवर चिडत होती, त्याला शिव्या घालत होती, मध्येच कौतुक करत होती, आणि त्यात दुसरं कोणीही नव्हतं. ना गेलेलं बाळ, ना व्हायचं बाळ.

मुलगी पायरीवर बसली.

सातव्या की आठव्या खेपेला ट्रक वर पोचला, तोल गेला आणि पलीकडच्या बाजूने गडगडत खाली जाऊन उताणा पडला. डासबाई वैतागून वळल्या आणि त्यांना मुलगी दिसली.

"तू कधी आलीस?"

"मघाशीच. चहा जळला तुझा."

"जळू दे." त्या येऊन तिच्या शेजारी टेकल्या. ढिगामागे ट्रकची चाकं आकाशाकडे होऊन गरगरत होती. खटक्यावर अजून बोट आहे हे लक्षात येऊन त्यांनी ते काढलं. चाकं हळूहळू थांबली.

मग मुलगी गुडघ्यांकडे बघत म्हणाली, "आई, आम्ही आता थांबायचं ठरवलंय. डॉक्टर, इंजेक्शनं, सगळंच. पुन्हा नाही सोसायचं मला."

डासबाईंना सांगण्यासारखं खूप काही होतं. इस्पितळात पाहिलेल्या बायका, उशिरा झालेली मुलं, कोणाला काय उपयोगी पडलं. त्यांनी रिमोट बाजूला ठेवला.

"बरं," त्या म्हणाल्या.

"एवढंच?"

"अजून काय म्हणू गं? दुखलं असेल ते तुला. थांबावंसं वाटतंय तर थांब."

मुलीने नाक ओढलं, ओढणीने डोळे पुसले. मग ती उठली, चपला न घालताच मातीत उतरली आणि ढिगाला वळसा घालून पलीकडे गेली. उताणा ट्रक तिने दोन्ही हातांनी उचलला. तो वाटला त्यापेक्षा जड होता. त्याच्या टपावरची माती तिने तळहाताने झाडली, चाकात अडकलेली गवताची काडी ओढून काढली आणि त्याला ढिगाच्या पायथ्याशी नीट सरळ ठेवलं.

"चालव," ती बाजूला होत म्हणाली. "आणि डावीकडून घे. तिकडे चढ कमी आहे."

"कळतं मला," डासबाई म्हणाल्या. "तू आधी पाय बाजूला घे."