खालची पट्टी

"बाबा, ही आई नाही, कोणीतरी बाप्या गातोय," कंपनीच्या ओळखपत्राची दोरी गळ्यात अडकवत चैताली म्हणाली. "तोही झोपेत."

रतनने सुई उचलली. थाळी फिरत राहिली, म्हणजे फिरल्यासारखं करत राहिली. प्रेमलाच्या परकरासाठी आणलेल्या इलॅस्टिकचा तुकडा कापून, दोन्ही टोकं शिवून त्याने तो रेकॉर्ड प्लेयरच्या मोटरवर ताणून बसवला होता. शिवण मोटरच्या पुलीवर आली की गाण्याला उचकी लागत होती.

"ढिली पडतेय ही. स्कूटरची ट्यूब कापून बघतो."

"बाबा, याचा ओरिजिनल बेल्ट ऑनलाइन मिळतो. मी सर्च करू का?"

"काही नको. इतकं मोठं पुणं पडलंय."

खाली कंपनीच्या गाडीचा हॉर्न वाजला. विश्रांतवाडीतून निघून हडपसरला पोचेपर्यंत ती गाडी अर्ध्या शहराला वळसा घालायची, म्हणून चैताली नाश्ता डब्यात घालूनच न्यायची. ती धावत गेली. स्वयंपाकघरातून चमचा कपावर आपटल्याचा आवाज आला. चहा झाला, असा त्याचा अर्थ. प्रेमला हल्ली हाका मारत नसे.

दिवाळीनंतर तिच्या गळ्यातली गाठ काढली होती. गाठ साधी निघाली, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण गाठीखालून गेलेली एक बारीक नस दुखावली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असं होऊ शकतं. चार महिने वाट बघा, म्हणाले होते. मार्च उजाडला तरी प्रेमलाच्या तोंडून जो निघे तो जाड कागद फाडल्यासारखा आवाज होता. चार वाक्यं बोलली की तिला धाप लागे.

या प्रेमलाने सतराव्या वर्षी मुंबईला जाऊन रेकॉर्डवर गाणं म्हटलं होतं. तिचे चुलते सोनबा यांची भीमगीतं गाणारी गायन पार्टी होती. गावोगावी जयंतीला त्यांचा कार्यक्रम व्हायचा. एका लहानशा कंपनीने त्यांची रेकॉर्ड काढली, आणि त्यातलं एक गाणं, लेकीला पहिल्यांदा शाळेत धाडणाऱ्या आईचं, सोनबांनी पुतणीकडून म्हणवून घेतलं. वर नाव आलं ते 'सोनबा आणि पार्टी' एवढंच. रेकॉर्ड माहेरच्या पेटीत पडून होती, कारण ती वाजवायला घरात काही नव्हतं. लग्नानंतर रतनला हे कळलं तेव्हा तो महिनाभर अस्वस्थ होता. मग कॅम्पातलं एक कुटुंब बंगला विकून परदेशी निघालं, त्यांच्याकडून त्याने हा जपानी प्लेयर आणला. बसच्या गर्दीत पोटाशी धरून आणला. पुढे कितीतरी वर्षं रविवारची सकाळ त्या गाण्याने सुरू व्हायची. नंतर कॅसेटी आल्या, सीड्या आल्या, आणि प्लेयर माळ्यावर गेला.

डॉक्टरांनी "आता फार आशा धरू नका" म्हटलं त्या दिवशी रतनने घरी आल्या आल्या शिडी लावली. खाली उतरवून झाकण उघडलं तर आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकटून बसला होता.

रतनला तसंही काही काम नव्हतं. तो नगर रोडवरच्या कारखान्यात टाइमकीपर होता. कारखाना बंद झाला तेव्हा सगळ्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली; स्वेच्छा कोणाची, हे कोणी विचारलं नाही. त्या जागी आता काचेची इमारत होती आणि तिच्या फाटकावर कार्ड दाखवलं की दार आपोआप उघडत होतं. रतन अजूनही पहाटे उठायचा, अंघोळ करून भांग पाडायचा, आणि मग दारात उभा राहून आपल्याला कुठे जायचंय ते आठवत राहायचा. कधी बसथांब्यापर्यंत जाऊन परत यायचा. पट्ट्याने त्याला जायला जागा दिली.

ट्यूबचा पट्टा जाड झाला. प्रेमलाचा आवाज बालवाडीतल्या पोरीसारखा चिरकू लागला. टेपरेकॉर्डरचा पट्टा चाकावर पोचेना. जुन्या बाजारात त्याने दोन रविवार घालवले. शेवटी कोणीतरी नारायण पेठेतल्या करंदीकरांचं नाव सांगितलं. रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, अर्ध्या जागेत मोबाइलची कव्हरं लटकत होती. करंदीकर पेपर वाचत होते.

"बेल्ट मिळेल का?" रतनने विचारलं.

"पँटचा पुढच्या बोळात."

"रेकॉर्ड प्लेयरचा."

करंदीकरांनी पेपर खाली केला. रतनने पिशवीतून आणलेला प्लेयर दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. त्यांनी झाकण उघडून थाळी फिरवून पाहिली.

"हे बनवणारे निवृत्त झाले. विकणारे झाले. आपण का नाही होत?"

"झालोय."

करंदीकर पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघत म्हणाले, "मग बरोबर. ठेवून जा. कुठे काही मिळालं तर बसवतो."

"किती दिवस लागतील?"

"अहो, मिळालं तर, म्हटलं मी."

रतनने मान डोलावली, दाराबाहेर गेला, कोपऱ्यापर्यंत पोचला आणि परत आला. "राहू द्या, घेऊन जातो," म्हणाला. करंदीकरांनी पेपर परत वर केला होता. "वाटलंच मला," एवढंच ते पेपरामागून बोलले.

त्यानंतर आठवड्याभराने चैतालीने एक फुगीर पाकीट त्याच्या हातात ठेवलं. आत पट्टा होता. काळा, गुळगुळीत, कुठेही शिवण नसलेला.

"तू नको म्हणाला होतास, तरी मी मागवला. लंच ब्रेकमध्ये," ती म्हणाली.

रतनला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याआधी वेगळंच काहीतरी वाटलं. इतकी वणवण केली ती काय म्हणून, असं. त्याने "बरं केलंस" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर खुर्ची ओढून बसला. स्पिरिटच्या बोळ्याने पुली पुसली, जुनं डांबर काडीने खरवडून काढलं, हात साबणाने धुऊन कोरडे केले. पट्टा चढवला, थाळी बसवली, रेकॉर्ड ठेवली.

ढोलकी वाजली. मग पेटीचे सूर. आणि मग प्रेमला.

ना बाप्या, ना बालवाडीतली पोर. सतरा वर्षांची, धीट, वरच्या सुराला हसत हसत हात लावणारी. मधल्या काळात रतन तो आवाज विसरला होता, आणि विसरलो होतो हे त्याला आत्ता कळलं. त्याने आवाजाचं बटण आणखी फिरवलं. डोळे मिटले.

प्रेमला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. लसूण सोललेली बोटं पदराला पुसत ती काहीतरी म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा म्हटलं. मग मागे वळून पळी घेतली आणि ताटावर आपटली.

रतनने डोळे न उघडताच हात वर केला. "शू. ऐक ना."

पावलं आली. भिंतीवरचं बटण खट्कन बंद झालं.

"काय करतेस? सुई खराब होईल ना."

प्रेमलाला धाप लागली होती. ती बटणावरचा हात न काढता म्हणाली, "महिना झाला बघतेय. तिच्यासाठी... पुण्यात वणवण चाललीय. मी घरात बोलते ते... कोण ऐकतं का?"

"अगं, तुझाच आवाज आहे तो."

"माझा हा हाय," ती म्हणाली. "हा."

आणि ती आत गेली. रतन खुर्चीत बसून राहिला. मग उठला. मग बसला. चप्पल घालून बसथांब्यापर्यंत गेला, दोन बस सोडल्या आणि परत आला. जेवताना त्याने मुद्दाम विचारलं, "मीठ कमी आहे का?" तिने मिठाची वाटी पुढे सरकवली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

पुढचे दिवस प्लेयरवर झाकण होतं. आता ती बोलली की तो हातातलं टाकून तिच्या तोंडाकडे बघायचा, इतकं की ती एकदा वैतागून म्हणाली, "एवढं पण नगा बघू."

एप्रिल लागला. जयंतीची तयारी सुरू झाली. एका दुपारी विमलाबाई आल्या. वस्तीतल्या विहारात त्या बायकांचा गाण्याचा गट चालवायच्या. म्हणजे चपला कुठे काढायच्या इथपासून सगळं त्या बघायच्या, आणि गाणं मात्र आजवर प्रेमला बघायची. ऑपरेशननंतर प्रेमला तिकडे फिरकली नव्हती.

"जय भीम, रतनराव." त्या पंख्याखाली बसल्या. "पोरी म्हणतात, यंदा सोनबांचं गाणं बसवू, शाळेचं. मी म्हटलं, येतंय कोणाला? प्रेमलाला येतं, आणि तिचं हे असं. तुमच्याकडे म्हणे रेकॉर्ड आहे. वाजवून दाखवलीत तर ऐकून ऐकून बसवतील."

रतनने घाईने सांगायला सुरुवात केली, "नाही, त्याचं काय आहे, मशीन जरा..."

प्रेमलाने त्याच्या दंडावर हात ठेवला. "आणतो आम्ही," ती म्हणाली. "उद्या."

रात्री त्याने दोनदा विचारलं, "खरंच न्यायचं?" दोन्ही वेळा ती नुसती हो म्हणाली. का, ते तिने सांगितलं नाही आणि त्याला विचारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते रिक्षाने विहारात गेले. प्लेयर मांडीवर, स्पीकर पायाशी. परत सगळं उचलून न्यायचं म्हणून रतनने रिक्षावाल्याला बाहेर थांबायला सांगितलं. आत सतरंजीवर बायका बसल्या होत्या, काही कॉलेजच्या मुली, पेटीवर महापालिकेतला संजय. प्रेमला भिंतीला टेकून मागे बसली.

रतनने रेकॉर्ड लावली. सगळ्यांनी माना वळवून प्रेमलाकडे पाहिलं आणि मग, तिला अवघडेल म्हणून, पुन्हा समोर पाहू लागल्या. पहिल्या खेपेला नुसतं ऐकलं. दुसऱ्या खेपेला धृपद उचललं. संजयने सूर शोधला. "काळी चार. उंच आहे, पण जमेल." तिसऱ्या खेपेला अंतरा सुरू झाला, 'पाटी' शब्दावर आवाज वर चढू लागला आणि दिवे गेले.

पंखा थांबत गेला. गाणं जाड होत होत खाली बसलं.

"आजपासून वेळ बदललीय ना लोडशेडिंगची," कोणीतरी म्हणालं. "आता सहाशिवाय नाही."

रतन उठला. आधी प्लग काढून पुन्हा लावला. मग मीटरच्या पेटीत डोकावला. "शेजारच्या दुकानात इन्व्हर्टर असेल. वायर ओढून आणू का? किंवा माझ्या ओळखीचा एक आहे, त्याच्याकडे..."

"रतनराव, बसा हो जरा," विमलाबाई म्हणाल्या. "घाम आला बघा तुम्हाला."

तो बसला नाही, दारात जाऊन उभा राहिला. मुली आपसात अंतरा जुळवून बघत होत्या. एक म्हणे, सूर 'पाटी'वर चढतो. दुसरी म्हणे, त्याच्या आधी. दोघींनी म्हणून दाखवलं, दोन्ही चुकलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. रतनलासुद्धा कळत होतं की चुकलं. त्याने प्रेमलाकडे पाहिलं. ती सतरंजीचा दोरा बोटाभोवती गुंडाळत होती. तिसऱ्यांदा चुकल्यावर तिने दोरा सोडला.

"तसं नाही," ती म्हणाली.

कोणाला ऐकू गेलं, कोणाला नाही. पण सगळ्या गप्प झाल्या.

प्रेमलाने गळ्यावर हात ठेवला आणि अंतरा म्हटला. पहिले दोन शब्द नुसती हवा होती. तिसऱ्यावर कुठेतरी खाली, पुरुषाच्याही आवाजाखाली, खरखरत सूर लागला. ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा तिथूनच उचललं. वर चढायचं तिथे तिचा आवाज चढला नाही, तो फाटला. तिने हाताने दाखवलं: इथून, असं, वर. आणि पुढे गेली.

संजयने पेटीवर तिचा सूर चाचपायला सुरुवात केली. काळी चार सोडली. पांढरी चारवर बोट ठेवून पाहिलं, मान हलवली. आणखी खाली आला. आणखी खाली. मग एका पट्टीवर त्याचा हात थांबला आणि त्याने भाता भरला.

"इथं घ्या सगळ्यांनी," तो म्हणाला.

"एवढं खाली?" एक मुलगी म्हणाली.

"इथंच."

मुलींना त्या पट्टीत गाणं जड गेलं. खालचे सूर त्यांच्या छातीत लागेनात, काहींचा आवाज गायबच झाला, एकजण हसली. प्रेमलाने तिच्याकडे पाहिलं तशी ती सावरून बसली. प्रेमला एक ओळ म्हणे, बायका मागून म्हणत. चुकलं की ती मांडीवर चापट मारून थांबवी. तिच्या कपाळावर घाम होता, दर दोन ओळींनी थांबावं लागत होतं, आणि ती थांबली की सगळ्या तिच्यासाठी थांबत होत्या.

रतन दारात उभा होता. आत जावं की बाहेर, त्याला सुचेना. गाण्यात त्याचं काही काम नव्हतं. मग त्याला रिक्षा आठवली. पायऱ्या उतरून तो रस्त्यावर गेला. रिक्षावाला मागच्या सीटवर पाय पसरून पडला होता. तो उठू लागला.

"निघायचं का, साहेब?"

"नाही," रतन म्हणाला. "जा तुम्ही. आम्हाला वेळ लागेल."

रिक्षा वळून गेली. तो परत आला आणि दाराशी काढलेल्या चपला जरा बाजूला सारून पायरीवर बसला. आतून मांडीवरची चापट ऐकू आली, मग शांतता, मग पुन्हा तोच अंतरा, पहिल्यापासून.